उकंडाच्या नावाचं सूप

दारव्ह्यात उतरून कुणालाही विचारा, दीपाबाईचं दुकान कुठं आहे, तर शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवील. तहसिलीच्या रस्त्याला, रसवंतीला लागून, पत्र्याची एक खोली. बाहेर फलक आहे: सातबारा, पॅन कार्ड, रंगीत झेरॉक्स. पण माणसं तिच्याकडे येतात ती आजे-पणजे हुडकायला. पोरीला नर्सिंगला टाकायचं, तर जातपडताळणीवाले म्हणतात जुन्या काळचा कागद आणा. आणि बापाला स्वतःच्या आज्याचं नाव धड आठवत नाही. अशा वेळी दीपाच्या तोंडाचा पट्टा सुटतो. "वावराचा धुरा हातभर सरकला तं कोर्टात जाता, अन् आजा कोण होता थे मालूम नाई? मंग मले कायले विचारून राह्यले, मी पाह्यलं का त्याले?" असं यथेच्छ बोलून झालं की ती माणसाला खुर्ची देते, पाणी देते आणि कामाला लागते.

इंग्रजांच्या काळात गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे ज्यात लिहून ठेवत ते कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज, जमिनीचे मोडीतले उतारे, सगळीकडे तिची बोटं फिरलेली. मोडी ती एका रिटायर बाबूंच्या हात धुऊन मागे लागून शिकली. कुणाचाही पणजा असो, दीपा त्याला कुठून तरी बाहेर काढतेच. बाजारात लोक थट्टेनं म्हणतात, दीपाबाई मेलेल्याले उठवते. तिलाही हे बोलणं मनातून आवडतं. फक्त घरी, आईसमोर, कुणी असं बोललेलं तिला खपत नाही.

कारण एक मेलेला काही केल्या उठत नव्हता, आणि तो नेमका घरचाच होता.

उकंडा त्याचं नाव. दीपाच्या पणजोबांचा थोरला भाऊ. इंग्रजी अमलातल्या मोठ्या दुष्काळात जन्मलेला. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्या जन्मल्या त्याला शेणाच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं, मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं पोर आहे, याला कशाला न्यायचं. म्हणून नाव उकंडा. आर्णीकडे जाताना खैरडोह म्हणून गाव लागतं, ते दीपाचं माहेर. गावाच्या अलीकडे नाल्यावर दगडी पूल आहे, त्याच दुष्काळात, लोकांच्या हाताला काम म्हणून बांधलेला. घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले की पूल काही उभा राहत नव्हता, बांधलेलं खचायचं, तेव्हा साहेबानं एक तान्हं पोर पुलाच्या पायात गाडलं. ते पोर म्हणजे आपला उकंडा.

अशा गोष्टी प्रत्येक जुन्या पुलाबद्दल सांगतात, हे दीपाला चांगलं ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या पुलाची अशी गोष्ट कुणी सांगितली तर ती हसून सोडून देते. पण हा पूल घरचा होता. ती लहान असताना एसटी पुलावर आली की आई, मथुराबाई, तिचं मनगट धरायची. असं धरायची की बोटांचे वळ उठायचे. पुलावर बोलायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, मागं वळून पाहायचं नाही. आता दीपाची पन्नाशी आली, गाडी स्वतःची आहे, तरी पुलाच्या कठड्याशी पोचलं की स्कूटीचं मागचं चाक जड होतं. मागच्या सीटवर कुणी हळूच येऊन बसावं तसं. रस्ता खराब आहे, असं ती स्वतःला सांगते. रस्ता मागच्याच वर्षी नवा झालाय.

आणि ते सूप होतं. नवी ज्वारी खळ्यावर आली की घरच्या सुनेनं सूपभर ज्वारी घेऊन पुलावर जायचं, खालच्या डोहात ओतायची आणि रिकामं सूप घेऊन मुकाट परत यायचं. उकंडाच्या आईनं, तुळसाबाईनं, हे सुरू केलं आणि एकीमागून एक सून ते करत आली. पुढं घरानं बुद्ध धम्म स्वीकारला. दीपाच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले देव उचलून नाल्यात सोडले, उपासतापास बंद केले, पण सूप तेवढं सुटलं नाही. आजी लपूनछपून जायची. आजोबांनाही ते माहीत असावं, पण ते कधी बोलले नाहीत.

आजी गेली आणि सूप मथुराबाईकडे आलं. मथुराबाई तेव्हा तरणीताठी, सातवी शिकलेली, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली सून. तिनं सूप आढ्याला टांगलं आणि सांगून टाकलं की आता हे बंद. त्याच उन्हाळ्यात तिचा थोरला, धम्मदीप, चार वर्षांचा, पुलाखालच्या डोहात गेला. डोह आटत आला होता. मोठ्या माणसाच्या कमरेएवढं पाणी.

दीपा त्यानंतर जन्मली. तिचं नावही भावाच्या नावातून तोडून घेतलेलं. आणि तिला समजू लागल्यापासून तिनं हेच पाहिलं की आई सकाळी वंदना म्हणते, पौर्णिमेला विहारात खीर वाटते आणि नवी ज्वारी आली की सूप घेऊन पुलावर जाते. आता खैरडोहात ज्वारी पेरतं कोण, जिकडे तिकडे सोयाबीन. तर दारव्ह्याच्या बाजारातून विकत घेऊन जाते. मथुराबाईच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती: मी सूप बंद केलं, म्हणून उकंडानं माझं पोर नेलं.

मथुराबाई आता लेकीकडेच दारव्ह्याला राहते. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी जबाब दिला, तेव्हा तिनं सूप दीपापुढे ठेवलं.

"मले सून नाई. आता तूच नेत जाजो."

"आई, मी नाई नेणार," दीपा म्हणाली. "पुलात कोणी गाडेल नाई. हे डोक्यातून काढ."

"तू कायच्यावरून सांगतं?"

"कुठंच तसं लिहेल नाई."

"मंग दुसरीकडं मेला असं तरी लिहेल असन ना? थे दाखव." मथुराबाईचा आवाज चढला नाही, पण डोळे लेकीवरून हलले नाहीत. "दुनियाचे मुर्दे काढतं तू कागदातून. मायावाला एक दाखव. थो कुठं दुसरीकडं मेला असं तू दाखवलं, तं मी सूप चुलीत घालीन. नाई तं मरताना तुह्याच हातात देईन."

दीपानं तेव्हापासून उकंडाचा ध्यास घेतला. आईच्या छातीवर बसलेलं ते भूत आईच्या जिवंतपणी उतरवायचं, बस. दुसरं काही तिला नको होतं. नवरा इंद्रजित, शाळामास्तर, चेष्टेनं म्हणाला, "आमच्यापेक्षा तुले पणज्याचा भाऊ प्यारा झाला." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं पुन्हा विषय काढला नाही.

उकंडाचा जन्म तिला लवकरच सापडला. आईचं नाव तुळसा, गाव खैरडोह. मृत्यू मात्र कुठंच नव्हता. दुष्काळाच्या सालाची मृत्यूची पानं वाचायची म्हणजे कलेजा पाहिजे. एकाच घरातली चार-चार नावं एकाखाली एक. कारणाच्या रकान्यात पटकी, ताप, अतिसार. भूक कुठंच लिहिलेली नाही. तुळसाची आधीची लेकरं तिथंच होती. ती वाचून दीपा रेकॉर्ड रूमच्या पायरीवर जाऊन बसली होती. तरी तिनं नेटानं आजूबाजूच्या गावांची बुकं पाहिली, पुढली सालं पाहिली. घरी आली की मथुराबाई विचारायची, "भेटला?" दीपा मान हलवायची. मग म्हातारी खिडकीबाहेर पाहत म्हणायची, "कसा भेटन? थो तिथंच हाय." रोज हेच ऐकून ऐकून दीपालाही ते हळूहळू खरं वाटायला लागलं. खैरडोहला कामानं जायचं झालं तर ती स्कूटी ठेवून जीपनं जाऊ लागली. जीपमध्ये चार माणसं तरी असतात.

मग एक दिवस दुकानात एक गिऱ्हाईक आलं. त्याचा आजाही कोतवाल बुकात सापडत नव्हता. दीपानं नेहमीसारखं त्याला फैलावर घेतलं. "मेलेल्यायच्या पानात काहून शोधून राह्यले? माणूस जगला असन, मोठा झाला असन, त्याले लेकरं झाली असतीन. लेकरं शाळेत गेली असतीन. तिथं पाहा ना." आणि बोलता बोलता ती गप्पच झाली. गिऱ्हाईक तिच्या तोंडाकडे पाहत बसलं.

सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारी ही बाई इतके महिने एका माणसाला फक्त मेलेल्यांत शोधत होती. तो जगला असेल हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं, कारण आईच्या मांडीवर बसल्यापासून तो तिच्यासाठी मेलेलाच होता.

तिनं तिच्यासारख्या जिल्हाभरच्या सेवा केंद्रवाल्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर विचारलं: कुणाच्या वंशावळीत उकंडा नावाचा, मूळ खैरडोहचा माणूस आलाय का? बरेच दिवस नुसते अंगठे आले. मग पांढरकवड्याहून प्रफुल्लचा फोन आला. तोही याच धंद्यातला. "ताई, माह्याकडं एक वडार फॅमिली हाय. पोरीच्या पडताळणीची फाइल. वंशावळीत सगळ्यात वर उकंडा, मूळ गाव खैरडोह. त्याच्या वरतं काहीच नाई."

वडार म्हणजे दगडमातीचं काम करणारी माणसं. दीपा दुसऱ्याच दिवशी पांढरकवड्याला गेली.

गावाबाहेर हायवेला लागून त्यांची वस्ती होती. ट्रक धडधडत जात होते. सुखीबाई, उकंडाची नात, दारात बसून पाट्याला टाकी लावत होती. साठी उलटलेली, हात मात्र दगडासारखे टणक. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि पोतं अंथरलं.

"प्रफुल्लभाऊनं सांगतलं, तू आमच्या आज्याच्या मागं लागली मनून. काहून व बाई?"

दीपानं सगळं सांगितलं. पूल, गाडलेलं पोर, आई. सूप तेवढं सांगायचं राहिलं. मग तिनं विचारलं, "तुमचा आजा खैरडोहहून इकडं आला कसा? पळवून आणला होता का त्याले?"

सुखीबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुष्काळात दुसऱ्याचं तोंड खायाले कोण पळवून आणते? काही बोलतं का तू." मग ती सावकाश सांगू लागली. तिच्या आज्यानं तिला सांगितलेलं, आज्याला त्याला वाढवणाऱ्या आईनं सांगितलेलं.

पुलाच्या कामावर वडारांची पालं पडली होती. त्यातल्या एकीच्या अंगावर पीत असलेलं पोर होतं, दूध होतं. तुळसाबाईनं आपलं पोर उकंड्यावर ठेवलं, तेव्हा त्या वडारणीला म्हणाली, तू उचल. अशी रीतच होती. दुसऱ्या बाईनं पोर उचलायचं, आपलं म्हणायचं. मग आईनं सूपभर धान्य देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे ते आईच्या पोटचं राहत नाही, विकतचं होतं, आणि मरण त्याच्याकडे फिरकत नाही.

"वडारणीनं उचललं," सुखीबाई म्हणाली. "पण सूपभर ज्वारी कोणाच्या घरात होती त्या साली? मूठभर नव्हती. आमची बुढी मने, ने बाई तसंच, मले कायले पायजे तुही ज्वारी. तं ते लेकराची माय मने, नाई. फुकट नेलं तं हेबी जाईन. रोज पालापाशी ये, दूर बसे. लेकरू पेताना पाहे अन् उठून जाय. हात नाई लावला कधी."

दीपा पोत्यावर पुढं सरकली. "मंग?"

"मंग पूल झाला. मुकादमानं पालं उठवली, दुसरं काम लागलं. पोट हाय संगं, थांबते कोण? आमची बुढी मरेपर्यंत मने, ते बाई नवी ज्वारी घेऊन आली असन, अन् मी नव्हती तिथं." सुखीबाईनं पदरानं टाकी पुसली. "आजाबी तसाच. नवी ज्वारी बाजारात आली की दिवसभर दारात बसे. मने, माय सूप घेऊन येईन. दाढी पांढरी झालती, तरी बसे. नातवंडं-पणतवंडं पाहून गेला. थ्या टेकडीच्या अंगानं पुरला त्याले."

दीपाला आता आईचं सूप दिसत होतं, आजीचं, तिच्या सासूचं. तुळसाबाई पीक आल्यावर खरोखरच आली होती. पालं उठून गेली होती, नुसता पूल उरला होता. तरी ती दर वर्षी येत राहिली, पोराचं मोल घेऊन, आणि देणार कुणाला म्हणून पाण्यात ओतत राहिली. पाहणाऱ्यांनी त्यावरून गोष्टीत पोर पुलात गाडलं. सुनांनी सूप पुढं चालवलं, आणि कशासाठी ते कुणालाच ठाऊक उरलं नाही. दीपा त्या पोत्यावर बसून ढसाढसा रडली. सुखीबाईनं तिला रडू दिलं.

निघताना सुखीबाईनं भीत भीत विचारलं, "आजा वडाराच्या पोटचा नव्हता, हे कागदावर येईन का? माह्या भावाच्या नातीचं काम अडन का?"

"कुठंच येणार नाई," दीपा म्हणाली. आयुष्यभर लोकांच्या वंशावळीतल्या रिकाम्या जागा भरणाऱ्या बाईनं ही एक जागा रिकामी सोडली, आणि प्रफुल्ललाही काही सांगितलं नाही.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ती सुखीबाईला घरी घेऊन आली. आईला हे कागदानं नाही, माणसानं सांगायला हवं होतं. मथुराबाई खाटेवर बसून ऐकत होती. सगळं सांगून झालं तशी भिंतीला धरून उठली, कोपऱ्यातलं सूप घेतलं, डब्यातली नवी ज्वारी त्यात काठोकाठ भरली आणि सुखीबाईसमोर धरली. सुखीबाईनं पदर पसरला, ज्वारी घेतली आणि रिकामं सूप परत दिलं.

"घ्या माय," ती म्हणाली. "आता थो तुमचा."

दीपाला वाटलं, सुटली. आई सुटली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मथुराबाई रिकामं सूप मांडीवर घेऊन बसली. बोटं सुपाच्या काठावरून फिरत होती.

"म्हंजे थो डोहात नव्हता."

"नव्हता आई. कधीच नव्हता. मी तुले सांगत होती ना?"

"अन् दुसरं कोणी?"

"कोणीच नाई. नुसतं पाणी."

मथुराबाईनं मान वर केली. दीपानं आईचा असा चेहरा आजवर पाहिला नव्हता. भीती त्यात राहिलीच नव्हती, आणि भीती गेल्यावर मागं जे उरलं होतं ते पाहवत नव्हतं.

"मंग धम्मा तिथं एकलाच हाय का व?" ती म्हणाली. "मले वाटे, उकंडानं नेला तं नेला. घरचाच हाय, मोठा हाय. संभाळत असन. दोघं संगं असतीन. मी ज्वारी दोघायची भरत होती, दीपे. इतके वर्ष माह्यं लेकरू एकलंच होतं?"

आईचं भूत उतरवायला निघालेली ती, आईचं पोर दुसऱ्यांदा बुडवून आली होती. सुखीबाई ज्वारीनं भरलेला पदर एका हातानं सावरत उठली आणि खाटेवर म्हातारीला लागून बसली. मथुराबाई रडू लागली. धम्मदीप गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, म्हणतात. तेव्हा तिला दुःखापेक्षा भीतीच जास्त होती.

सूप काही चुलीत गेलं नाही. मथुराबाईनं ते भिंतीला टांगलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. "भेटला?" हे विचारणंही थांबलं. संध्याकाळी ती खिडकीशी बसे आणि आर्णीच्या रस्त्याकडे पाही.

यंदा बाजारात नवी ज्वारी आली. दीपानं ती घेतली, भिंतीवरचं सूप काढलं आणि स्कूटीच्या पुढच्या पायदानावर ठेवून खैरडोहला निघाली. मथुराबाई दारात होती. तिनं पाहिलं, आणि नुसता पदर डोक्यावर घेतला.

पुलावर कुणी नव्हतं. दीपाचा कशावरही विश्वास बसला नव्हता, आणि तरी ती आली होती. तिनं कठड्यावरून ज्वारी सावकाश ओतली. दाणे पाण्यावर क्षणभर पसरले आणि खाली गेले. मग जिथं नाव घ्यायचं नाही असं तिला आयुष्यभर सांगितलं होतं, तिथं उभं राहून तिनं भावाला हाक मारली. कधी न पाहिलेल्या भावाला, धम्मा म्हणून.

परत फिरली तेव्हा कठड्यापाशी मागचं चाक जड झालं. या वेळी तिनं रस्त्याला नावं ठेवली नाहीत. मागं लहान लेकरू बसलं की माणूस चालवतं तशी, एक हात मागं धरून, तिनं गाडी हळूहळू घराकडे नेली.